कृषी अंदाजपत्रक कसे सजवावे

विकसनशील देशाचे अर्थमंत्रिपद आपल्या वाट्याला आले असेल, तर शेतीवर भरपूर खर्च जरूर करावा. त्या खर्चाने पीक वाढलेच पाहिजे, असा हट्ट मात्र धरू नये. आरंभी एखादी टक्केवारी जाहीर करावी. आफ्रिकी संघाच्या राष्ट्रप्रमुखांनी २००३ साली मापुटो येथे राष्ट्रीय अंदाजपत्रकातील किमान १० टक्के रक्कम पाच वर्षांत शेतीकडे वळवण्याचा संकल्प केला, बहुतेकांना तो पाळता आला नाही, आणि २०१४ साली मलाबो येथे तोच संकल्प नव्याने सोडण्यात आला. संकल्प वापरून झिजत नाही, ही त्याची मोठी सोय.

आता पैसा घालावा कोठे? संशोधनात तर मुळीच नको. नवे वाण तयार होऊन शेतात पोहोचेपर्यंत दहा-बारा वर्षे सहज जातात. म्हणजे पैसे आपण मोजायचे आणि भरल्या कणसांसोबत छायाचित्र विरोधकाने काढून घ्यायचे. भारताच्या १९७० ते १९९३ या काळातील आकडेवारीवरून फॅन, हेझेल आणि थोरात या अर्थतज्ज्ञांनी असा निष्कर्ष काढला की, उत्पादकता सर्वाधिक वाढते ती कृषी संशोधन व विस्तारावरील (म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत शेतीचा सल्ला पोहोचवण्यावरील) खर्चाने आणि गरिबी सर्वाधिक घटते ती ग्रामीण रस्त्यांवरील खर्चाने. असे अहवाल संग्रही अवश्य ठेवावेत, फक्त अंदाजपत्रकाच्या आठवड्यात कपाट उघडू नये.

त्यापेक्षा खताची गोणी उत्तम. ती दिसते, मोजता येते आणि तिच्यावर आपली छबी छापता येते. आफ्रिकेतील मलावी या देशाने दुष्काळानंतर २००५-०६ पासून खत-बियाण्यांवर मोठे अनुदान दिले आणि मक्याचे पीक खरोखरच वाढले (पाऊसही बरा झाला होता, पण भाषणात त्याचे श्रेय वाटून देण्याचे कारण नाही). पुढे २००८ मध्ये जगभर खत भडकले, तेव्हा कृषी खात्याचा बहुतांश पैसा या एकाच योजनेने गिळला आणि इतर कामांना उरलेसुरले मिळाले. शिवाय एरवीही पदरमोड करून खत घेणारे शेतकरी अशा योजनेत येतातच. त्यांचे पैसे वाचतात, शेतात पडणारे खत तेवढेच राहते, आभार मात्र पूर्ण मिळतात.

सिंचनात नवे धरण घ्यावे आणि वितरिकांची दुरुस्ती पुढच्या वर्षावर ढकलावी, कारण चारीतला गाळ काढल्याची कोनशिला कोणी बसवत नाही. टोकाच्या शेतकऱ्याला पाणी मिळाले नाही, तरी तो लाभक्षेत्रात आहे हे कागदोपत्री सिद्ध करता येते. विस्तार कर्मचाऱ्यांचे वेतन नियमित द्यावे, फक्त गावोगाव फिरण्याचा भत्ता कापावा. म्हणजे सल्ला कार्यालयात सुरक्षित राहतो.

राहता राहिला निधी सोडण्याचा मुहूर्त. खत पेरणीपूर्वी पोहोचले, तर त्याचा परिणाम मोजण्याची भलतीच मागणी होऊ शकते. ते पीक काढणीला आल्यावर पोहोचले, तरी शंभर टक्के खर्च झाल्याची नोंद होते, आणि पुढील वर्षी वाढीव तरतूद मागताना नेमकी हीच नोंद पाहिली जाते.