औषध नाकारलं? उगाच कशाला भांडता!

अमेरिकेत नोकरी मिळाली की तिच्यासोबत आरोग्य विमा येतो, आणि विम्यासोबत कधी ना कधी ते पत्र येतं. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधाची प्रायर ऑथ, म्हणजे आगाऊ मंजुरी, नाकारली आहे. अशा वेळी सभ्य मराठी माणसानं पहिल्या पानावरचा नकार वाचावा, सुस्कारा सोडावा आणि पत्र फ्रिजला चुंबकाखाली लावावं. मागची पानं वाचू नयेत. नकाराचं नेमकं कारण, प्लॅनचं कोणतं कलम लावलं आणि अपील कुठं पाठवायचं हे तिथं असतं. कायद्यानं ते छापावंच लागतं. पण ज्या अर्थी इतक्या बारीक टायपात छापलंय, त्या अर्थी तुम्ही ते वाचावं अशी छापणाऱ्याची इच्छा नसणार. दुसऱ्याच्या इच्छेचा मान राखावा.

अपिलाला पत्र मिळाल्यापासून 180 दिवस असतात. भरपूर झाले. एप्रिलअखेर पत्र आलं तर आधी मुलांची सुट्टी होऊ द्या, मग गणपती, मग नवरात्र. दिवाळीचा चिवडा डब्यात पडेपर्यंत मुदत आपोआप निघून गेलेली असते आणि कुणाला वाईटही बोलावं लागत नाही. भीड ही भिकेची बहीण म्हणणाऱ्या पूर्वजांकडे कंपनीचं हेल्थ कार्ड नव्हतं.

अगदीच राहवलं नाही तर कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन करा. चाळीस मिनिटं संगीत ऐका, पलीकडच्या बाईंना सगळी कर्मकहाणी सांगा. त्या म्हणतील, ‘तुमची तक्रार नोंदवली.’ झालं अपील, असं समजून झोपा. साधं अपील बहुतेक प्लॅनमध्ये लेखी लागतं आणि फोनवरची नोंद त्यात धरली जात नाही, हे कळायला अजून दोन महिने आहेत. फोनवर चालतं ते तातडीचं अपील, आणि त्याचं उत्तर 72 तासांत द्यावं लागतं. साध्या अपिलाला, औषध अजून घेतलेलं नसेल तर, 30 दिवस लागतात. प्लॅनमध्ये अपिलाच्या दोन पायऱ्या असतील तर प्रत्येकीला 15. तुमची प्रकृती ठाऊक असलेल्या डॉक्टरांनी ‘हे तातडीचं आहे’ असं कळवलं, की कंपनीला ते तातडीचं मानावंच लागतं. म्हणून डॉक्टरांकडे तसं काही मागू नका. बिचाऱ्यांचा शनिवार-रविवार वाया जाईल.

आता खास आपल्या लोकांसाठी. समजा र्‍हुमॅटॉइड संधिवात आहे आणि डॉक्टरांनी अ‍ॅडालिमुमॅबचं पेन, म्हणजे टोचून घ्यायचं इंजेक्शन, लिहून दिलंय. नकाराचं कारण येतं: ‘आधी मेथोट्रेक्सेट घेतल्याचा पुरावा नाही.’ याला स्टेप थेरपी म्हणतात. स्वस्त पायरी चढून घसरल्याशिवाय महाग पायरी दिसत नाही. तुम्ही तर पुण्यात असताना दोन वर्षं दर रविवारी मेथोट्रेक्सेट घेतलेलं! पण पुरावा शोधणारा संगणक फक्त अमेरिकेतल्या विम्याची बिलं पाहतो. सदाशिव पेठेतल्या केमिस्टला रोख दिलेले पैसे त्याच्या लेखी या पृथ्वीतलावर खर्च झालेलेच नाहीत. इथं संताप करून घ्यावा, पुरावा मात्र पाठवू नये. पुण्याच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर चार ओळी मागवणं अगदीच सोपं आहे, म्हणून टाळावं: औषध कधी सुरू केलं, कधी बंद केलं, आठवड्याला किती मिलिग्रॅमपर्यंत नेलं, आणि बंद का केलं. ‘सूट झालं नाही’ हे मराठी घरात पुरतं. तिथं ‘आठवड्याला 20 मिलिग्रॅमवर एसजीपीटी वाढलं’ असं लागतं, सोबत तो लॅब रिपोर्ट लागतो, आणि एसजीपीटी या यकृताच्या चाचणीला इकडे एएलटी म्हणतात हे एका ओळीत सांगावं लागतं. जुन्या चिठ्ठ्यांचे फोटो पाठवलेच तर डॉक्टरांच्या अक्षरातले तसेच पाठवा, शेजारी टाइप केलेला मजकूर नको. वाचणाऱ्यालाही कोडं सोडवल्याचा आनंद मिळू द्या.

फॉर्मवरच्या आजाराच्या कोडाकडे तर बघूच नका. फॉर्म भरणाऱ्यानं घाईत एम25.50 लिहिलं असेल, म्हणजे ‘कुठलासा सांधा दुखतो’. सांधेदुखीसाठी एवढं महागडं औषध कोण देईल? एम05.79, म्हणजे र्‍हुमॅटॉइड फॅक्टर पॉझिटिव्ह, अनेक सांधे, असं असतं तर गोष्ट वेगळी. कोड चुकलाय असं डॉक्टरांच्या ऑफिसला सांगितलं तर ते दुरुस्त करून पुन्हा फॅक्स करतात आणि कित्येकदा अपिलाची गरजच उरत नाही. मग हा लेख वाचून काय उपयोग?

तसंच ब्रँडचं. 1 एप्रिल 2024 पासून विमा प्लॅनसाठी औषध-याद्या सांभाळणाऱ्या सीव्हीएस केअरमार्कनं आपल्या मुख्य याद्यांतून हुमिरा, म्हणजे अ‍ॅडालिमुमॅबचा मूळ ब्रँड, काढून टाकलं आणि त्याची बायोसिमिलर, म्हणजे त्याच्याच तोडीची दुसऱ्या कंपन्यांची औषधं, ठेवली. तारीख एप्रिल फूलची, निर्णय खरा. अशा नकाराचा तुमच्या दुखण्याशी काही संबंध नसतो; यादीतलं बायोसिमिलर लिहून मागितलं की काम होतं. पण तुम्ही मूळ ब्रँडसाठी बाणेदारपणे सहा महिने लढा. बायोसिमिलर पूर्वी घेऊन खरंच त्रास झाला असेल तर ते लढणं रास्त आहे, म्हणजे आमच्या हिशेबात बसत नाही.

डॉक्टर ‘पीअर टू पीअर’ करतो म्हणाले तर खूश व्हा आणि बाकी सगळं थांबवा. विमा कंपनीचा डॉक्टर तुमच्या डॉक्टरांशी फोनवर दहा मिनिटं बोलतो. वेळ बहुधा त्यांच्या ओपीडीच्या ऐन गर्दीतली मिळते. जमलं तर उत्तमच. पण हे अपील नव्हे आणि त्यानं 180 दिवसांचं घड्याळ थांबत नाही, ही अप्रिय गोष्ट मनातून काढून टाका.

आणखी एक मोह आवरा. नाकारताना वापरलेली पूर्ण फाइल, त्यातले नियम आणि ज्याचा सल्ला घेतला त्या तज्ज्ञाचं नाव तुम्हाला मागता येतं, फुकट. नोकरीतून मिळणाऱ्या विम्यासारख्या लाभांसाठीच्या 1974 च्या एरिसा कायद्याखालचे नियम तसं सांगतात. त्या फाइलमध्ये मंजुरीचे निकष एक-दोन-तीन करून लिहिलेले असतात, आणि डॉक्टरांच्या पत्रात त्याच क्रमानं उत्तरं दिली तर तपासणाऱ्याला नाही म्हणायला फार जागा उरत नाही. शिवाय अपील पहिल्या नकार देणाऱ्यानं किंवा त्याच्या हाताखालच्यानं बघायचं नसतं, आणि वैद्यकीय मुद्दा असेल तर त्या विषयातल्या दुसऱ्या तज्ज्ञाला विचारावं लागतं. तेव्हा पत्रात निकष नकोत. ‘रुग्णाला औषधाची नितांत गरज आहे’ ही एकच ओळ पुरे, आणि फॅक्सची पोच तर मुळीच ठेवू नका.

कार्डावर ज्या विमा कंपनीचं नाव आहे, पैसे तिचेच, हा गोड समजही जपा. मोठ्या नोकऱ्यांत बहुतेक प्लॅन सेल्फ-फंडेड असतात: पैसे तुमच्या कंपनीचे, विमावाले फक्त कारकून. म्हणून राज्याच्या विमा आयुक्ताकडे तक्रार करा. अशा प्लॅनवर त्याचा अधिकार चालत नाही, तुमची आठवड्याची मेहनत मात्र मनापासून होते. अशा प्लॅनवर देखरेख करणाऱ्या, केंद्रीय श्रम खात्याच्या एब्सा या विभागाकडे जाऊ नका, तिथं खरंच कोणी फोन उचलतं. एचआरमधल्या बेनिफिट्सच्या माणसाला विचारणं तर असभ्यच. तो प्लॅनचं पूर्ण दस्तऐवज देईल, त्यात कळेल की औषध वगळलेलं आहे की नुसतं नाकारलेलं. फरक मोठा आहे. वजन कमी करण्याची औषधं प्लॅननं मुळातच वगळली असतील तर कितीही पुरावे दिले तरी अपील बहुधा जिंकता येत नाही. तिथं कंपनीला प्लॅन बदलायला सांगणं एवढंच उरतं. ‘वैद्यकीय गरज नाही’ म्हणून नाकारलं असेल तर अंतर्गत अपील हरल्यावरही चार महिन्यांच्या आत बाहेरच्या स्वतंत्र परीक्षकाकडे जाता येतं. तो 45 दिवसांत निकाल देतो, आणि तो प्लॅनवर बंधनकारक असतो. हे कोणाला सांगू नका. फार लोक जात नाहीत म्हणून तर ती व्यवस्था एवढी शांत आहे.

कोर्ट आहेच की, असं म्हणून चांगले पुरावे राखून ठेवणारे हुशार लोक आम्हाला विशेष प्रिय आहेत. एरिसाच्या खटल्यात न्यायाधीश बहुधा अपिलाच्या वेळी फाइलमध्ये होतं तेवढंच बघतो. कपाटातला लॅब रिपोर्ट कपाटातच राहतो. आणि जिंकलात तर मिळतं ते नाकारलेलं औषध. दोन वर्षं सुजलेल्या बोटांची भरपाई नाही.

सासूबाई भारतातून येताना पेन घेऊन येतील, हा शेवटचा उपाय प्रत्येकाच्या मनात येतोच. 2014 मध्ये भारतात झायडसनं अ‍ॅडालिमुमॅबचं बायोसिमिलर आणलं, किंमतही पुष्कळ कमी. पण ते 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं, आणि परदेशातून औषध आणण्याचे अमेरिकेचे नियम सासूबाईंनी वाचलेले नसतात. लोणच्याच्या बरणीवर आधीच बोलाचाली होते, तिथं शीतपेटी कशाला?

आणि नजरचुकीनं मंजुरी मिळालीच, तर पत्रावरची शेवटची तारीख बघू नका. मंजुरी बहुधा बारा महिन्यांची असते. मोठ्या कष्टानं जमवलेली फाइल त्याच दिवशी रद्दीत टाका. जानेवारीत कंपनी नवा प्लॅन घेईल, पाकिटातून नवं कार्ड येईल, आणि नव्या संगणकाचा पहिला प्रश्न असेल: मेथोट्रेक्सेट घेऊन पाहिलंत का?