विंडोज बदलल्यावर वायफाय गेले असेल, तर कार्ड बदलण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार (सपोर्ट) संपला आणि आमच्या उदगीर भागात जो तो विंडोज ११ च्या मागे लागला. तेव्हापासून एकच तक्रार सारखी कानावर येते: अपग्रेड नीट झाले, सगळ्या फायली जागेवर आहेत, पण वायफाय गेले. यावर बाजारात दोनच उत्तरे मिळतात, एक म्हणजे ‘कार्ड उडाले’ आणि दुसरे म्हणजे ‘फॉर्मॅट मारावे लागेल’. महाविद्यालयात संगणक शिकवत असल्यामुळे असे लॅपटॉप माझ्या टेबलावर बरेच येतात, आणि त्या अनुभवावरून मी ठामपणे सांगतो की ही दोन्ही उत्तरे बहुतेक वेळा तपासणी न करताच दिलेली असतात. आदल्या संध्याकाळपर्यंत चालणारे कार्ड नेमके अपग्रेडच्याच रात्री जळावे हा योगायोग क्वचितच घडतो. जे बिघडते ते कार्ड आणि विंडोज यांच्यामधले सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर. विहिरीतली मोटार शाबूत असते, स्टार्टर तेवढा बदललेला असतो.

लॅपटॉपच्या तळाचे झाकण उघडले तर बोटाच्या दोन पेरांएवढी एक पट्टी, म्हणजे वायफायचे कार्ड, दिसते आणि तिला दोन बारीक तारा जोडलेल्या असतात. या तारा बिजागरीतून वर स्क्रीनच्या कडेपर्यंत जातात, कारण अँटेना तिथे असतात. अपग्रेड करताना विंडोज जुने ड्रायव्हर सोबत आणण्याचा प्रयत्न करते. पण एखादा ड्रायव्हर नव्या आवृत्तीत चालत नाही, किंवा लॅपटॉपच्या कंपनीने दिलेला ड्रायव्हर बाजूला पडून त्याच्या जागी विंडोजचा स्वतःचा सर्वसाधारण ड्रायव्हर बसतो, आणि मग वायफायचे चिन्ह तरी नाहीसे होते किंवा दर दहा मिनिटांनी जोडणी तुटते. या दोन तक्रारी वेगळ्या आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत, हे आधी लक्षात घ्यावे.

उदगीर तालुक्यातल्या एका गावात माझा चुलतभाऊ सेवा केंद्र चालवतो. लाडक्या बहिणींच्या ई-केवायसीची रांग दारात उभी असताना त्याचा फोन आला, “दादा, वायफायचं नावच दिसंना गेलंय. दुकानदार म्हनतोय नवं कार्ड टाकू.” त्याला मी आधी डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे लॅपटॉपमधल्या उपकरणांची विंडोजमधली यादी, उघडायला लावले. नेटवर्क अ‍ॅडाप्टरच्या यादीत वायरलेस कार्ड नव्हते, पण खाली ‘अदर डिव्हायसेस’ या गटात ‘नेटवर्क कंट्रोलर’ अशी एक ओळ पिवळ्या त्रिकोणासह होती आणि तिच्या प्रॉपर्टीजमध्ये कोड २८ लिहिलेला होता. कोड २८ चा अर्थ ड्रायव्हर बसवलेला नाही, एवढाच आहे. विंडोजला तिथे काहीतरी आहे हे दिसते, म्हणजे पट्टी जिवंत आहे. नवे कार्ड विकत घेण्याचा प्रश्न तिथेच मिटला. याउलट डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणे दाखवूनही काहीच सापडत नसेल, तर लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा, पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे आणि पुन्हा सुरू करावा. त्यानंतरही कार्ड दिसले नाही, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, ते बंद केलेलेही नाही, आणि पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल न करता चालवलेल्या उबुंटू या विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या फुकट प्रणालीमध्येही वायफाय येत नाही, अशी स्थिती असेल तरच दुकानदाराच्या म्हणण्यावर विचार करावा. उबुंटूची ही चाचणी मला सर्वांत विश्वासार्ह वाटते, कारण तिथे वायफाय चालले तर दोष विंडोजच्या बाजूला आहे हे निःसंशय ठरते. न चालल्यास मात्र तेवढ्यावरून कार्ड मेले असे म्हणू नये, कारण काही कार्डांचे ड्रायव्हर उबुंटूतही वेगळे बसवावे लागतात.

पुढची अडचण खरी आहे. ड्रायव्हर इंटरनेटवर आहे आणि इंटरनेट त्या ड्रायव्हरशिवाय येत नाही. शहरातला माणूस लॅनची वायर जोडून मोकळा होतो. आमच्याकडे अनेक गावांत घरी ब्रॉडबँड नाही, आणि पातळ लॅपटॉपांना आता लॅनचे छिद्रही नसते. अशा वेळी यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचे इंटरनेट केबलमधून लॅपटॉपला देणे, उपयोगी पडते, पण हा मार्ग आश्चर्य वाटावे इतक्या कमी लोकांना माहीत आहे. अँड्रॉइड फोन केबलने लॅपटॉपला जोडायचा आणि फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करायचे. विंडोज त्या फोनला बहुधा कोणताही वेगळा ड्रायव्हर न मागता वायरच्या जोडणीसारखे स्वीकारते. चुलतभावाकडे तेही होईना, कारण त्याची केबल स्टँडसमोरून घेतलेली आणि फक्त चार्जिंगची होती. तिच्यातून वीज जाते, डेटा जात नाही, आणि अशा वेळी टेदरिंगचा पर्याय फोनवर पुसट राहतो. शेजारच्या किराणा दुकानातून फोनसोबत आलेली मूळ केबल आणली, आणि मग जोडणी झाली.

त्यानंतर कोणता ड्रायव्हर, हा प्रश्न येतो. तो ओळखण्यासाठी त्याच ‘नेटवर्क कंट्रोलर’च्या ‘डिटेल्स’मध्ये ‘हार्डवेअर आयडी’ पाहावा. ‘व्हीईएन’ या अक्षरांपुढचा क्रमांक चिपच्या कंपनीचा असतो: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४सी३ म्हणजे मीडियाटेक, १६८सी म्हणजे क्वालकॉम अथेरॉस, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. मात्र ड्रायव्हर शक्यतो लॅपटॉपच्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून, मॉडेल क्रमांक टाकून घ्यावा. विंडोज ११ साठी वेगळा ड्रायव्हर दिलेला नसला तरी विंडोज १० चा बहुधा चालतो. ‘सर्व ड्रायव्हर एका क्लिकवर’ असे सांगणारी जी फुकट सॉफ्टवेअरे पेनड्राइव्हवरून गावभर फिरत असतात, त्यांना ज्या लॅपटॉपवर लोकांचे आधार आणि बँकेचे तपशील उघडले जातात त्या लॅपटॉपवर जागा देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ड्रायव्हर बसला, वायफाय आले. पण थोड्या वेळाने जोडणी तुटू लागली. ही दुसऱ्या प्रकारची तक्रार. कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’ हा भाग बहुधा असतो आणि तिथे वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी विंडोजला दिलेली असते. ती खूण काढली आणि जोडणी टिकली. एवढे करूनही प्रश्न सुटत नसेल आणि आधीचा ड्रायव्हर शिल्लक असेल, तर त्यावर परत नेणारा ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हा पर्याय असतो. यात एक गोष्ट लोक हमखास विसरतात: फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्याने विंडोज पूर्ण बंद होत नाही, त्यामुळे ड्रायव्हर बदलल्यावर ‘रीस्टार्ट’च करावे.

‘नेटवर्क रीसेट’ करण्याचा सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर सर्रास दिला जातो. त्याने साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड जातात आणि ड्रायव्हरच नसेल तर उपयोग शून्य होतो, म्हणून तो शेवटी करावा. आणखी एक प्रकार असा, की लॅपटॉपला शेजाऱ्याचे वायफाय दिसते पण स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट दिसत नाही. तिथे बिघाड काहीच नसतो. फोन ५ गिगाहर्ट्झवर असतो आणि जुने कार्ड फक्त २.४ जाणते. फोनमध्ये बँड बदलून २.४ करावा. हॉटस्पॉट दिसतो पण जोडला जात नाही, तर सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए३ ऐवजी डब्ल्यूपीए२ करून पाहावा.

या सगळ्यात माझी खरी तक्रार वेगळीच आहे. विंडोज ११ ची होम आवृत्ती नव्याने टाकली की सुरुवातीच्या मांडणीतच (सेटअपमध्ये) इंटरनेट मागते, आणि २०२२ च्या आवृत्तीपासून वैयक्तिक वापरासाठी प्रो देखील मागते. कार्डाचा ड्रायव्हर विंडोजच्या इन्स्टॉलेशनच्या फाइलीत नसेल तर माणूस ‘नेटवर्कशी जोडा’ या पडद्यावर अडकतो. पाच जीबीहून मोठी फाइल उतरवून घेतल्यावरही कार्ड चालू करणारा काही एमबींचा तुकडा नसावा, आणि तो कोठून आणायचा हे त्या पडद्यावर सांगितलेलेही नसावे, ही गोष्ट ज्यांच्या घरात इंटरनेटचे तीन-तीन मार्ग आहेत त्यांनीच ठरवलेली दिसते. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर अपग्रेड करणारा माणूस त्यांच्या हिशेबात नाही. म्हणून अपग्रेडच्या आदल्या दिवशी, वायफाय चालू असतानाच, त्याचा ड्रायव्हर उतरवून पेनड्राइव्हवर ठेवण्याचे काम आपल्यालाच करावे लागते. जे पैसे घेऊन अपग्रेड करून देतात त्या दुकानदारांनी तरी हे काम न सांगता करायला हवे.

अपग्रेड पचलेच नाही तर दहा दिवसांच्या आत ‘रिकव्हरी’मधून जुन्या विंडोजवर परत जाता येते. त्यासाठी सी ड्राइव्हमधले ‘विंडोज डॉट ओल्ड’ हे फोल्डर लागते आणि जागा संपत आल्याने ड्राइव्ह लाल दिसतो म्हणून लोक नेमके तेच पहिल्या दिवशी उडवतात. ते दहा दिवस राहू द्यावे.

चुलतभावाच्या केंद्रातला दुसरा लॅपटॉप इंटेलच्या सातव्या पिढीचा आहे. अधिकृत विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते, आणि नियम चुकवून ते बसवून देणारे उदगीरात दोन-चार जण आहेत. मी त्याला नको म्हणालो. त्या लॅपटॉपची नोंद विंडोज १० च्या विस्तारित सुरक्षा अद्यतनांसाठी (अपडेट्ससाठी) केली आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील. ई-केवायसीची गर्दी ओसरली की त्यावर उबुंटू टाकून पाहायचे ठरले आहे, आणि त्याच्या वायफाय कार्डाचा क्रमांक मी आत्ताच वहीत उतरवून घेतला आहे.