मे महिन्यात हीटर लावतंय कोण?

इंजिन तापायलंय आणि हीटर मात्र गार हवा फेकायलाय, अशी तुमची तक्रार असेल तर आधी तुमचं अभिनंदन. मराठवाड्यात राहून आपल्या गाडीला हीटर आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, ही साधी गोष्ट नाही. आमच्याकडे डॅशबोर्डवरचं ते निळं-लाल बटण शोरूममधून निघताना जे निळ्यावर बसतं, ते गाडी विकेपर्यंत उठत नाही. परभणीला थंडीत पारा पाच अंशांच्या खाली उतरला तरी आम्ही काचा वर करतो, मफलर कानाला गुंडाळतो आणि निघतो.

म्हणून पहिला सल्ला असा, की ही दोन दुखणी वेगळी ठेवा. इंजिन तापतंय ही अडचण, हीटर बंद आहे हे नशीब. मे महिन्यात हीटर लावतंय कोण? दोघांचा एकमेकांशी काही संबंध असेल, ही शंकासुद्धा मनात येऊ देऊ नका. कारण ती आली की पुढचं सगळं कळायला लागतं. हीटरला स्वतःची चूल नसते. इंजिनातलंच गरम पाणी डॅशबोर्डमागच्या एका छोट्या जाळीतून फिरतं आणि पंखा तिच्यावरून हवा ढकलतो, एवढाच तो कारभार. इंजिन रटरटतंय आणि हीटर गार, याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की गरम पाणी तिथवर पोचत नाही. एक तर गाडीत पाणीच कमी, नाही तर मध्ये हवा अडकलेली, नाही तर पाण्याचा पंप नुसताच गरगरतोय.

थोडक्यात, हीटर म्हणजे चारीवरचा टेलचा, म्हणजे कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाचा शेतकरी. जायकवाडीचा डावा कालवा 208 किलोमीटरचा. पाणी सुटल्याची बातमी पेपरात येते, फोटो येतो, जलपूजन होतं. पण पाणी कमी पडलं की आधी कोरडा पडतो तो टेलचा. तोच पहिल्यांदा बोंबलतो. आता टेलवाल्याच्या बोंबेवरून धरणाचा अंदाज घ्यायची आपल्याकडे पद्धतच नाही, ती तुम्ही गाडीपासून कशाला सुरू करता?

आता प्रत्यक्ष प्रसंग. मुहूर्त अंबाजोगाईत 12:35 चा. बीडहून निघायलाच पावणेअकरा झालेले. सातजणांच्या गाडीत नऊ माणसं, वर आहेराची भांडी, शिवाय पाण्याचा एक जार. मांजरसुंब्याचा घाट लागला की इंजिनाच्या तापमानाचा काटा लालकडे सरकतो. अशा वेळी गाडी थांबवू नका. पुढच्या सीटवर दाजी बसलेले असतात, त्यांच्याकडे बघा. "काही नाही हो, घाटात सगळ्याच गाड्या गरम व्हायल्यात. एसी बंद करा अन् दाबा." एसी बंद करण्यापुरतं दाजींचं बरोबर आहे, आणि एवढं एकच बरोबर असल्यामुळे बाकीचंही खरं वाटतं. मागून एखादं कॉलेजातलं पोरगं म्हणेल, "मामा, हीटर फुल लावून बघा ना, इंजिनची गरमी तिकडून निघते." त्याला गप्प बसवा. चुकून लावलाच आणि गार हवा आली, तर पाणी संपल्याचं चढावरच कळेल आणि मुहूर्त हुकेल.

आणि मग काटा उतरतो. धपकन. दाजी मागं वळून म्हणतात, "म्हणलं नव्हतं?" गाडीत आनंदीआनंद. काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो आणि पाणीच उतरल्यावर तो नुसता हवेत लोंबकळतोय, त्याला इंजिनाचा ताप कळणार कसा, हे तेव्हा कोणीही बोलू नये. शुभकार्याला निघालोय आपण.

शेवटी वाफ निघाली, गाडी थांबली, की बॉनेट उघडा आणि लगेच रेडिएटरच्या टोपणाला हात घाला. अर्धा-पाऊण तास वाट बघणं हे भेकडांचं काम. साधं पाणी 100 अंशांना उकळतं. पण टोपणाने आत साधारण एक बारचा जास्तीचा दाब धरून ठेवलेला असतो, त्यामुळे ते 120 च्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. तुम्ही टोपण फिरवलं की दाब जातो आणि आतलं पाणी वाफ होऊन थेट तुमच्या तोंडावर येतं. पुढं लग्नात हळद विचारायची वेळ येते, ती नवरीसाठी नव्हे. त्यातूनही वाचलात तर जारमधलं थंडगार पाणी तापलेल्या इंजिनात ओता. हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा जायला एवढं पुरतं.

पाण्यावरून आठवलं. कूलंटच्या, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायच्या त्या रंगीत औषधाच्या, भानगडीत पडू नका. कूलंटने पाणी उशिरा उकळतं, गंज धरत नाही, ही कंपन्यांची पुस्तकी भाषा. आपल्याकडे बोअर आहे ना. सातशे फुटांवरून आलेलं, बादलीला पांढरी कड धरणारं, गिझरचं कॉइल वर्षात खाणारं ते पाणी रेडिएटरला मात्र अमृतासारखं लागतं. ज्या लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाने गाडीसाठी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन विकत आणला, तर घरात काय ऐकावं लागेल, विचार करा. क्षार आधी कुठं साचतात? हीटरच्या बारीक नळ्यांत. म्हणजे पुन्हा टेलवालाच.

मेस्तरी निवडताना फार जपायला हवं. काही मेस्तरी विचित्र असतात. गाडी गार होऊ देतात, मग चालू करून डॅशबोर्डकडे जाणाऱ्या दोन रबरी पाइपांना हात लावून बघतात. दोन्ही गरम असतील तर म्हणतात पाणी ठीक, आतली गरम-गार हवा वळवणारी झडप अडकली. एक गरम आणि एक गार, तर जाळी चोंदली किंवा हवा अडकली. दोन्ही गार, तर पाणी कमी, नाही तर पंप गेला, आणि हीटरला कॉक असेल तर तोही बघतात. मग गार इंजिनाचं टोपण काढून गाडीचं तोंड चढाकडे करतात, हीटर फुल लालवर ठेवतात आणि बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं पाणी भरत बसतात. बुडबुडे थांबतच नाहीत असं दिसलं, की ऑइलची पट्टी काढून ऑइल दुधाच्या चहासारखं झालंय का बघतात आणि हेड गॅसकेटचं, म्हणजे हेडखालच्या पॅकिंगचं, नाव काढतात. अशा माणसाकडे एक तास जातो आणि खर्चही फारसा होत नाही. चारचौघांत सांगायला काही उरत नाही.

त्यापेक्षा आम्हाला भेटला तसा शोधा. त्याने बॉनेटमध्ये डोकंही न घालता निदान केलं. "वॉल काढून टाकू. आपल्या हवेला वॉल लागतंच नाही." वॉल म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिन साधारण 82 ते 88 अंशांच्या दरम्यान येईपर्यंत पाणी रेडिएटरकडे सोडायचं नाही, हे त्याचं काम. ते काढल्यावर थंडीत इंजिन तापता तापत नाही, डिझेल जास्त पितं. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटर चुकवून आतल्या आतच फिरतं आणि गाडी पहिल्यापेक्षा जास्त तापते. आमची त्याच जातीची निघाली. महिन्यात गॅसकेट उडाली, हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला गेलं, आणि बिल हातात ठेवताना मेस्तरी म्हणाला, "साहेब, गरम व्हायली तव्हाच थांबायचं व्हतं."

गाडी आता विकायला काढली आहे. काल एक पाहुणे बघून गेले. इंजिनाचं काम नुकतंच झालंय, असं दाजींनीच त्यांना सांगितलं. मग पाहुण्यांनी सगळी बटणं एकेक करून दाबली आणि लालवर येऊन थांबले. "हे चालतं का?" दाजी लगेच म्हणाले, "एकदम कोरं आहे. एकदासुद्धा वापरलेलं नाही."