रोजच्या जगण्यात योग (अटी लागू)

मॅट आणली ना? मग अर्धं काम झालंच, उरलेलं अर्धं म्हंजे ती स्टेटसला लावायची. पण तुम्ही पडलात विचारी, त्यामुळे आता तुम्हाला वाटायला लागलंय की नुसतं वाकून-उठून भागत नाही, योगाची तत्त्वं रोजच्या जगण्यात उतरली पाहिजेत वगैरे. वाटू द्या, त्यात वाईट काही नाही, फक्त त्या भरात मूळ पुस्तक उघडू नका. आधी हे वाचा.

कारण मूळ पुस्तक अडचणीचं आहे. पतंजलींची योगसूत्रं १९५ (काही प्रतींत १९६), आणि त्यात थेट आसनावर किती, तर तीन. सूर्यनमस्काराचं तर नावसुद्धा नाही. योगाच्या आठ अंगांत आसनाचा नंबर तिसरा, आणि त्याच्या आधी यम आणि नियम, त्या दोघांत परत पाच-पाच पोटकलमं, हिंसा नको, खोटं नको, चोरी नको, साठवणूक नको, मन आणि शरीर स्वच्छ ठेवा, आहे त्यात समाधान माना... एवढं सगळं जमल्यावर मग खाली बसायचं म्हटलं तर माणूस रिटायर होईल. म्हणून पहिली सूचना अशी की पहिली-दुसरी गाळून डायरेक्ट तिसरीत ॲडमिशन घ्या. सगळे तेच करतात. क्लासवालेही मागचा दाखला मागत नाहीत, तिमाहीची फी तेवढी आगाऊ घेतात.

तरी ग्रुपवर एखादा शहाणा निघतोच जो यम-नियमांचा विषय काढतो. त्याच्याशी वाद घालू नका, उलट 'अगदी बरोबर' म्हणा आणि मनातल्या मनात अटी लागू करा. खरी मेख इथेच आहे. पतंजलींना आपला स्वभाव आधीच माहीत असावा, कारण पाच यम सांगून झाल्या झाल्या पुढच्याच सूत्रात त्यांनी लिहून ठेवलंय की जात, देश, काळ आणि परिस्थिती यातली कुठलीही सबब चालणार नाही, सगळीकडे सगळ्यांसाठी सारखं, आणि त्यालाच महाव्रत म्हणतात. त्यावर व्यासभाष्यात (सूत्रांचा अर्थ उलगडणारा जुना ग्रंथ) उदाहरणं दिलीत ती वाचून तर गार पडायला होतं. एक कोळी आहे, तो म्हणतो मी फक्त मासेच मारतो, बाकी कुणाला हात लावत नाही. दुसरा म्हणतो मी तीर्थाच्या ठिकाणी मारणार नाही. तिसरा म्हणतो मी चतुर्दशीला मारणार नाही. आणि भाष्यकार शांतपणे सांगतात की ही अहिंसा खरी, पण अर्धवट.

आता सांगा, चतुर्दशीला नाही म्हणणारा तो माणूस आपल्याच बिल्डिंगमधला वाटतो की नाही? सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी आणि अख्खा श्रावण आपण असे अहिंसक असतो की बुद्धाने शिकवणीला यावं, आणि त्याआधी आषाढी अमावस्येला चिकनच्या दुकानासमोर रांगेत कूपन घेऊन उभे. बरं नुसत्या खाण्यापुरतं असतं तरी ठीक होतं. श्रावण सोमवारी उपाशीपोटी वॉचमनवर जो आवाज चढतो (गाडी कुणी लावू दिली इथे, झोपा काढायला ठेवलंय का तुला) तो काय शाकाहारी असतो? तर तुम्हीही तसंच करा. अहिंसा ताटापुरती ठेवा, तीही वार बघून. जिभेला खायची बंधनं असतातच, बोलायची कशाला?

इथे एक धोका सांगून ठेवतो. थोडं पुढे गेलात तर दुसऱ्या पादातलं (म्हंजे प्रकरणातलं) चौतिसावं सूत्र लागतं, त्यात म्हटलंय की हिंसा स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि नुसती मान्य केलेली अशा तिन्ही प्रकारची धरायची. मग ती लोभाने, रागाने की मोहाने, मग सौम्य, मध्यम की तीव्र, असे गुणाकार करत करत भाष्यकार ८१ प्रकारांपर्यंत जातात. एवढा बारीक हिशोब आमच्या सोसायटीच्या ऑडिटरनेही कधी मागितला नाही. म्हंजे फॅमिली ग्रुपवर कुणीतरी 'या लोकांना ठोकूनच काढलं पाहिजे' असं टाकतं आणि तुम्ही सकाळच्या ध्यानानंतरच्या प्रसन्न मनाने खाली नुसता अंगठा ठेवता, तो पण त्यात मोजला जातो! आणि मोहाने होणाऱ्या हिंसेचं भाष्यातलं उदाहरण काय, तर 'यातून मला धर्म मिळेल' असं वाटून केलेली. हे वाचल्यावर अर्धे ग्रुप सोडावे लागतील, म्हणून म्हणतो, वाचूच नका.

सत्याचं सोपं आहे. 'निघालोय, पाच मिनिटांत पोचतो' हे बाथरूममधून बोललेलं वाक्य खोटं नसतं, ते संकल्पात्मक असतं. फ्लॅट विकताना थोडी रक्कम चेकने आणि थोडी 'तशी' घेतली तर ती झाली परिस्थिती, आणि परिस्थितीचा अपवाद आपण मघाशीच मंजूर करून घेतलाय. एवढं एकच जपा की सत्यात जो मुरला त्याचं बोलणं खरं होतं असंही एक सूत्र आहे, तेव्हा चुकून तुमची साधना वाढली असेल तर सुट्टीच्या मेलमध्ये आजार हलका निवडा. डेंग्यू वगैरे लिहू नका, सर्दी पुरे.

अस्तेयाबद्दल, म्हंजे चोरी न करण्याबद्दल काय सांगू, तुम्ही हा लेख ज्या वायफायवर वाचताय ते कुणाचं आहे ते बघा आणि पुढे चला. चौथा यम, ब्रह्मचर्य, पाहुण्यांसमोर काढायचा नसतो.

अपरिग्रह (साठवणूक नको तो) मात्र मन लावून करायची गोष्ट आहे आणि त्यासाठी आधी खरेदी करावी लागते. साधी मॅट, ट्रॅव्हल मॅट, कॉर्कची मॅट, मॅट ठेवायची पिशवी, पिशवी अडकवायचा हुक. योगशिक्षक बी. के. एस. अय्यंगार गुरुजी १९३७ मध्ये पुण्यात आले आणि पुढे त्यांनी विटा, पट्टे, दोर, खुर्च्या वापरून ज्यांचं अंग वळत नाही अशांनाही आसनात बसवलं, ते त्यांचं मोठेपण. आपण त्यातल्या फक्त विटा आणि पट्टे घेतलेत, ऑनलाइन, सेलमध्ये, मॅचिंग रंगात. घरात जागा उरली नाही की मग 'मिनिमलिझम'चा व्हिडिओ बघायचा आणि अपरिग्रहाची सुरुवात जोडीदाराच्या कपाटापासून करायची. तत्त्वज्ञान असंच पचतं, दुसऱ्याच्या सामानावर.

संतोषाचं तर विचारू नका, एवढं उपयोगी तत्त्व दुसरं नाही. घरकामाच्या मावशींनी महिन्याला पाचशे वाढवून मागितले की हे वापरायचं. चहा द्यायचा (त्यांच्या वेगळ्या कपात, जो तुम्ही समतेच्या भावनेने वेगळा ठेवलाय) आणि सांगायचं की मावशी, पैशात सुख नसतं हो, आम्ही बघा ना एवढं कमावून कुठे सुखी आहोत. संतोषासारखं सुख नाही असं सूत्रच आहे, खोटं नाही सांगत तुम्ही. फक्त हेच सूत्र स्वतःच्या अप्रेझलच्या आठवड्यात एचआरसमोर तोंडातून निसटू देऊ नका, तिथे तप चालतं, 'मी इतकी वर्षं रात्री दहापर्यंत बसतोय' हे तपच झालं की.

आता जरा वरच्या लेव्हलचं. पहिल्या पादात एक फार सुंदर सूत्र आहे, मन प्रसन्न ठेवायचं. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, चांगलं करणाऱ्याबद्दल आनंद, वाईट वागणाऱ्याकडे उपेक्षा. चारही भावना उत्तम, एकही टाकू नका, नुसत्या इकडच्या तिकडे करा. शेजारच्यांच्या मुलीला कॅनडात नोकरी लागली की तिथे करुणा लावायची: 'थंडी फार असते हो तिकडे, आणि भांडी पण स्वतः घासायची, बिचारी.' ज्यांच्याकडे आजारपण चाललंय ते लिफ्टमध्ये भेटले की मोबाईल काढून उपेक्षा. आणि जो खरोखर वाईट वागतो, गच्ची अडवतो, मेंटेनन्स भरत नाही, पण ज्याची 'वर' ओळख आहे, त्याच्याशी मैत्री. राहिला आनंद. तर खालच्या मजल्यावरच्या ज्या काकू रोज ओला-सुका कचरा वेगळा करा म्हणून सगळ्यांच्या मागे लागतात त्या आजारी पडल्या आणि महिनाभर कुणी काही बोललं नाही, तेव्हा जे वाटलं होतं ना, तोच.

प्रत्याहार घरातल्या पुरुषांसाठी विशेष. इंद्रियं विषयांपासून आत ओढून घ्यायची, वेळ सकाळी साडेसातची. पहाटे पाचला बसून उपयोग नाही, तेव्हा घरात शांतताच असते, ओढून घ्यायला काही नसतं. साडेसातला डबे, पाण्याची वेळ, शाळेची व्हॅन, 'तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर' असं बायकोने आंघोळीला जाताना सांगितलेलं. त्यावेळी डोळे मिटून हॉलच्या मधोमध बसायचं. शिट्टी चौथी होवो, सातवी होवो, वरण करपल्याचा वास येवो, ढळायचं नाही. ती बाहेर येऊन काही बोलली तर डोळे अर्धे उघडून म्हणायचं, 'तू पण करत जा, फार चिडतेस हल्ली.' ती हे सगळं रोज करते, मिळेल ते काम न कुरकुरता, फळाची अपेक्षा न ठेवता, आणि तिला कुणी योगिनी वगैरे म्हणत नाही, पण तो आपला विषय नाही.

स्वाध्यायासाठी लोणावळ्याला जा. तिथे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम ही योगसंस्था काढली, आसन-प्राणायामाने शरीरात नक्की काय होतं ते यंत्रं लावून तपासायला सुरुवात केली. त्यासाठी नाही म्हणत मी. चिक्की आणि धबधब्यासाठीच जा, जाता-येता बोर्ड दिसतो, तेवढा पुरे.

आणि वर्षातून एकदा हे सगळं एकत्र करायची सोय सरकारनेच करून ठेवलीय, २१ जूनचा आंतरराष्ट्रीय योग दिन. डिसेंबर २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ठराव केला, २०१५ पासून सुरू झालं. ४५ मिनिटांचा ठरलेला कार्यक्रम असतो, सुरुवात ऋग्वेदातल्या 'संगच्छध्वं संवदध्वं'ने, म्हणजे एकत्र चला, एकत्र बोला, आणि शेवट शांतिपाठाने. तुम्ही गाडी आधीच गेटकडे तोंड करून लावा, मागची दुसऱ्याची अडली तर अडली. मॅट शेवटच्या रांगेत टाका, पण फोटोवाला येईल तेव्हा पुढे सरका. 'सर्वे भवन्तु सुखिनः' सुरू झालं की सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात, तेवढ्यात मॅट गुंडाळून सटका, कारण नंतर त्या एका गेटमधून सगळे एकदम निघतात आणि एकमेकांना हॉर्न मारत बसतात. टी-शर्ट मागच्या टेबलावर मिळतात. दोन मागा, एक घरी आहेत त्यांच्यासाठी म्हणून सांगा, एक्सएल लवकर संपतो.