स्वस्त सेमी-हॉलो गिटार घेताय? आधी नॉब फिरवून बघा

"गिटार स्वस्तातली घे, लाकूड बरं असलं की झालं, वायरिंग काय नंतरही बदलता येतं." गिटार घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला हा सल्ला मिळतो. सॉलिड बॉडीच्या, म्हणजे भरीव अंगाच्या गिटारच्या बाबतीत तो रास्त आहे. पातळ सेमी-हॉलोच्या, म्हणजे अर्धवट पोकळ गिटारच्या बाबतीत मला तो अजिबात पटत नाही.

सॉलिड गिटारला मागे झाकण असतं, नाहीतर पुढे पिकगार्ड. स्क्रू काढले की सगळं वायरिंग समोर. सेमी-हॉलोला बहुतेकदा असं झाकणच नसतं. दोन व्हॉल्यूम, दोन टोन, स्विच आणि जॅक हे सगळं एफ-होलच्या, म्हणजे अंगावरच्या f आकाराच्या अरुंद फटीतून नाहीतर पिकअपच्या (तारांचं कंपन टिपणाऱ्या चुंबकी भागाच्या) खाचेतून आत सरकवलेलं असतं. एक पॉट, म्हणजे नॉबखालचा फिरता भाग, बदलायचा तर आधी त्याच्या दांड्याला दोरा बांधायचा, मग पॉट आत ढकलून फटीतून बाहेर काढायचा. सोल्डरिंग झालं की नवा पॉट त्याच दोऱ्याने ओढत पुन्हा नेमक्या भोकात आणायचा. दांडा भोकाशी येतो, तिरका होतो, परत आत पडतो. माझ्या गिटारचा जॅक सैल होऊन आत गेला तेव्हा एवढ्याशा कामात अख्खी दुपार गेली, शिवाय फटीच्या कडेचं पॉलिश खरवडलं गेलं ते वेगळंच.

म्हणून दुकानातच गिटार अँपला लावा आणि प्रत्येक नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. खरखर येते का? व्हॉल्यूम निम्म्यावर आणला की आवाजातली धार साफ मरते का? स्विच तिन्ही जागी नीट बसतो का? जॅकपाशी केबल हलकेच हलवून बघा. या परीक्षेत नापास झालेली गिटार कितीही देखणी असली तरी मी घेणार नाही.

आता लाकडाबद्दल. "ही तर प्लायची आहे" म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. अहो, गिब्सन कंपनीने १९५८ मध्ये आणलेल्या ईएस-३३५ या सेमी-हॉलोचं अंगही थर चिकटवलेल्या मेपलचंच होतं! या जातीची गिटार तशीच बनते, त्यात स्वस्तपणा नाही. खरा प्रश्न आहे मधल्या ठोकळ्याचा. ईएस-३३५ची जाडी जेमतेम पावणेदोन इंच. तिच्या पोटात मधोमध लाकडाचा ठोकळा बसवला तो फीडबॅक, म्हणजे अँपचाच आवाज गिटारमध्ये शिरून होणारी घुमघुम, आवरावी आणि तार जास्त वेळ गुंजावी म्हणून. १९६१ मध्ये आलेली एपिफोनची कॅसिनो दिसायला जवळपास तशीच, पण आतून पूर्ण पोकळ. तेव्हा रूपावर जाऊ नका, फटीतून टॉर्च मारून ठोकळा आहे की नाही ते बघा. मग अँपचा आवाज तुम्ही खरोखर वाजवता तेवढा ठेवा आणि त्याच्याकडे तोंड करून उभे राहा. थोडी गुणगुण चालेल, अंतर बदलून ती आवरता येते. एखादाच सूर दर वेळी उसळून घुमू लागला तर मात्र पुढे त्रास आहे. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग यांच्या नावाचं जे 'लुसिल' मॉडेल गिब्सनने १९८० मध्ये काढलं, त्याला तर फीडबॅकपायी एफ-होलच ठेवली नव्हती.

फ्रेटची, म्हणजे नेकवरच्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं बोटाला टोचतात का, हे नेकच्या कडेवरून हात फिरवला की कळतं. तिसरी तार, म्हणजे जी, ओढून सोडल्यावर उतरत असेल आणि ट्यून करताना नटपाशी, म्हणजे नेकच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपाशी, 'टिक' असा आवाज येत असेल, तर तार नटच्या खाचेत अडकते आहे. लोक उगाच ट्यूनरला दोष देतात. हे काम चांगला कारागीर पटकन करून देतो.

पिकअपची मात्र मी सगळ्यात कमी काळजी करतो. नेकजवळचा हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) गढूळ वाटला तर त्याच्या बाजूचे दोन स्क्रू फिरवून तो तारांपासून थोडा खाली उतरवा आणि पुन्हा ऐका. बऱ्याचदा तेवढ्यानेच सूर मोकळे होतात, आणि त्यासाठी आतल्या वायरिंगला हातही लावावा लागत नाही.