एलईडीला ड्रायव्हर लागतो, आणि तो स्वस्तातही मिळतो

‘ग्रो लाइट (रोपं वाढवायचा दिवा) घरीच बनवा, तीन हजारांचा ड्रायव्हर विसरा’ असा एक मेसेज व्हिडिओसकट बागकामाच्या ग्रुपांवर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : एलईडीला ड्रायव्हर (घरातली वीज एलईडीला झेपेल अशी करून देणारा डबा) लागतच नाही, पंख्याचा अडीचचा कंडेन्सर आणि एक ब्रिज (एसीचं डीसी करणारा भाग) लावून ५० वॅटची चिप थेट २३० व्होल्टवर चालते. नाहीतर जुना चार्जर किंवा कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, लावा. महागडा ड्रायव्हर म्हणजे नुसते ब्रँडचे पैसे. ड्रायव्हर निम्मी वीज स्वतःच खातो. आणि झाडाला फक्त जांभळा उजेड लागतो.

हा मेसेज नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वहिनींपर्यंत पोचला, म्हणून लिहायला बसलो. जुन्या घरातल्या मधल्या खोलीत ऊन येत नाही, तिथे त्या मायक्रोग्रीन्स आणि वांगी-टोमॅटोची रोपं करतात. लोखंडी रॅक, ट्रेमध्ये पाणी, हातात स्प्रेची बाटली. पुतण्याने कंडेन्सर आणि चिप आणूनही ठेवली होती. अशा खोलीत ही जोडणी करायला सांगणाऱ्या माणसाचा मला संताप येतो.

कंडेन्सरचंच आधी घेतो, कारण जीव जायची भीती तिथे आहे.

अडीच मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर ५० हर्ट्झवर साधारण १८० मिलिअँपिअर करंट जाऊ देतो. हिशेब कोणीही करून पाहावा : एका मायक्रोफॅरॅडला सुमारे ३,१८० ओहमचा अडथळा, म्हणजे २३० व्होल्टवर ७२ मिलिअँपिअर. ५० वॅटच्या चिपला ३० ते ३६ व्होल्टवर दीड अँपिअर लागतो. म्हणजे या जुगाडातून मिळतात पाच-सहा वॅट. व्हिडिओत चिप झगझगीत दिसते, कारण कॅमेऱ्याला पाच वॅटही झगझगीत दिसतात. रोपांना ते पुरत नाहीत, ती उजेड शोधत बारीक आणि लांबुळकी होऊन लोळतात. पूर्ण उजेड हवा तर वीसहून जास्त मायक्रोफॅरॅड लावावे लागतील, आणि लाइनचा व्होल्टेज नेमका ३२५ च्या टोकावर असताना स्विच पडला तर पहिल्याच झटक्यात चिप जळेल.

पण खरी गोष्ट उजेडाची नाही. या जोडणीत घरातली लाइन आणि चिप यांच्यामध्ये काहीच आडवं नसतं. कंडेन्सर करंट कमी करतो, फेज अडवत नाही. लाइटच्या वायरीवरच स्विच असून दोन पिनांचा प्लग उलटा बसला, किंवा जुन्या वायरिंगमध्ये स्विच न्यूट्रलवर असला, तर लाइट बंद दिसतो आणि चिपच्या टोकांवर फेज तसाच उभा असतो. व्हिडिओतला माणूस चिपला बोट लावून ‘बघा, करंट लागत नाही’ म्हणतो. त्याच्या पायात रबरी चप्पल आहे आणि खालची फरशी कोरडी आहे, एवढंच त्यातून सिद्ध होतं. वहिनी अनवाणी, ओल्या फरशीवर उभ्या राहून लोखंडी रॅकला धरून पाणी घालतात. नागपुरात हे समजावून सांगायची वेळ यावी याचंच वाईट वाटतं. दर उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी भरताना करंट लागून माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. पाणी, लोखंडी सांगाडा आणि उघडा फेज : कूलरला जे लागू, तेच या रॅकला लागू.

‘घरात आरसीसीबी (करंटची गळती दिसली की वीज तोडणारा स्विच) आहे, तो पडेल’ असंही कोणी म्हणेल. करंट तुमच्यातून जमिनीत गेला तर तो पडतो. दोन हात फेज आणि न्यूट्रलवर पडले तर त्याला गळती दिसतच नाही. आरसीसीबी असावाच, पण त्याच्या भरवशावर उघडा फेज हाताळू नये.

आयसोलेटेड ड्रायव्हरमध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. लाइनकडची आणि एलईडीकडची वळणं एकमेकांना लागत नाहीत, ऊर्जा चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते. वहिनींचा जीव याच भागावर अवलंबून आहे, आणि मेसेज नेमका तोच काढून टाकायला सांगतो. ड्रायव्हर ही कंपन्यांनी काढलेली पळवाट असती, तर भारतीय मानक ब्युरोने त्याच्या सुरक्षेसाठी वेगळं मानक ठेवलं नसतं : आयएस १५८८५, भाग २, विभाग १३. एलईडी ड्रायव्हर सक्तीच्या नोंदणीत येतो, त्यावर ‘आर’पासून सुरू होणारा आठ आकडी क्रमांक असावा लागतो, आणि तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकून तपासता येतो. मात्र नोंदणी म्हणजे आयसोलेशन नव्हे. नॉन-आयसोलेटेड ड्रायव्हरही नोंदलेले असतात, म्हणून लेबलवर ‘आयसोलेटेड’ किंवा ‘एसईएलव्ही’ (स्पर्शाला सुरक्षित असा कमी व्होल्टेज) आहे का ते वेगळं वाचा. हल्ली ‘डायरेक्ट २३०’ म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावरची ड्रायव्हरलेस चिप मिळते, तीही याच कारणासाठी ओल्या जागी नको. फेज आणि तुमचं बोट यांच्यात तिथे एक पातळ थर असतो.

आता चार्जर आणि एसएमपीएस. यात अर्धं खरं आहे, ते कबूल करावं लागेल. मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर सोडून द्या. पण १२ व्होल्टची एलईडी पट्टी असेल, तर सीसीटीव्ही कॅमेऱ्याचा किंवा कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा सप्लाय बिनधास्त चालतो, कारण पट्टीवर दर तीन एलईडींमागे रेझिस्टर बसवलेला असतो. नुसती चिप मात्र अशा सप्लायला थेट जोडू नका. एलईडी तापली की तिचा व्होल्टेज उतरतो, व्होल्टेज बांधलेला असला की करंट वाढतो, करंट वाढला की ती आणखी तापते. पारा ४५ ओलांडणाऱ्या आपल्या मे महिन्यात हे चक्र लवकर संपतं, चिप जळून. तिला बांधलेला करंट लागतो, म्हणजे सीसी ड्रायव्हर.

जुना लॅपटॉप अडॅप्टर, १९ व्होल्टचा, ६५ वॅटचा, ही मेसेजमध्ये नसलेली सर्वांत चांगली स्वस्त वाट आहे. तो आधीच आयसोलेटेड असतो. त्याच्यापुढे करंट बांधता येणारं छोटं बक मॉड्यूल (व्होल्टेज उतरवणारी पट्टी) लावा, पाच-पाच पांढऱ्या एलईडींची माळ करा, म्हणजे साधारण १५ व्होल्ट होतात. एलईडी जोडण्याआधी मल्टीमीटर दहा अँपिअरवर ठेवून मॉड्यूलच्या आउटपुटवर करंट सेट करा.

‘ब्रँडचे पैसे’ हा मुद्दाही निम्मा बरोबर. दोन-चार ट्रेसाठी मीनवेल कंपनीचा मोठा एचएलजी ड्रायव्हर कशाला? सीताबर्डीच्या बाजारात स्ट्रीटलाइटचा ५० वॅटचा, दीड अँपिअरचा आयसोलेटेड ड्रायव्हर मागा. तो बहुतेक वेळा आतून रेझिन भरून सीलबंद केलेला असतो, ओलीत टिकतो, आणि मेसेजमधल्या तीन हजारांच्या जवळपासही जात नाही. मीनवेलच घ्यायचा तर एलपीसी मॉडेल घ्या, एलपीव्ही नव्हे. डबा सारखाच दिसतो, पण पहिला करंट बांधतो आणि दुसरा व्होल्टेज. दुकानदार हातात येईल तो देतो. आणि ड्रायव्हर रॅकच्या बाहेर, हवेशीर जागी ठेवा. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचं आयुष्य तापमानाच्या दर दहा अंश वाढीला साधारण निम्मं होतं.

‘निम्मी वीज खातो’ : नाही. बऱ्या ड्रायव्हरची कार्यक्षमता ८५ ते ९० टक्के असते.

जांभळा उजेड : १९७२ मध्ये मॅक्री या वनस्पतिशास्त्रज्ञांनी २२ पिकांवर मोजून दाखवलं की हिरव्या-पिवळ्या प्रकाशावरही पानं काम करतात. साधी पांढरी एलईडी घ्या, रोपाचा खरा रंग दिसतो आणि रोग वेळेवर कळतो.

ज्यांनी ती कंडेन्सरची जोडणी आधीच केली आहे, त्यांनी नुसता स्विच बंद करून तिला हात लावू नये. कोरड्या हाताने, पायात चप्पल घालून प्लग भिंतीतून काढा. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो. त्याच्या दोन टोकांवर इन्सुलेशनच्या चिमट्यांनी दहा-वीस किलोओहमचा दोन वॅटचा रेझिस्टर काही सेकंद धरा, मीटरवर शून्य पाहा आणि मगच वायरी सोडवा.