कापडाला अंधार, सुईला उजेड

घर लहान करताना सोफा देऊन टाकता येतो, डायनिंग टेबल देता येतं, मुलीच्या शाळेतल्या ट्रॉफ्यासुद्धा तिला न विचारता देता येतात. ब्लाउजपीस मात्र देता येत नाहीत. ओटीतला ब्लाउजपीस शिवायचा नसतो, तो पुढच्या ओटीत घालायचा असतो. पुण्यात हे चक्र आपोआप फिरत राहतं. इथे पेनसिल्व्हेनियात ओटी भरणाऱ्या आम्ही मोजक्या बायका, आणि सगळ्यांकडे तेवढाच साठा. माझा जांभळा टू बाय टू संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाहेर पडतो आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला घरी परत येतो.

त्यात गणपतीच्या कार्यक्रमाला नाचणाऱ्या पोरींच्या शिवलेल्या नऊवाऱ्यांचे उरलेले काठ, अस्तरं, फॉल, तुळशीबागेतल्या लेसी, खणाचे तुकडे, आणि गोधडीसाठी राखून ठेवलेल्या सासूबाईंच्या मऊ साड्या. हे सगळं मोठ्या घराच्या तळघरात सुखानं नांदत होतं. नवं घर एकमजली, दोन बेडरूमचं, आणि तळघर नाही.

“पण मागे अंगण आहे की,” हे म्हणाले. “शेड घेऊ.”

यांना शेड हवीच होती, माझं कापड हे निमित्त. इथला पुरुष निवृत्त झाला की त्याला लॉन मोअर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, ठेवायला स्वतंत्र छप्पर लागतं.

आमच्या जवळच लँकेस्टर काउंटी आहे. तिथले आमिश, म्हणजे मुद्दाम जुन्या वळणानं जगणारा एक ख्रिस्ती पंथ, त्यांचे सुतार पिढ्यान्‌पिढ्या लाकडात काम करतात. बाहेरच्या तारांची वीज घेत नाहीत, पुष्कळ कारखान्यांत हत्यारं हवेच्या दाबावर चालतात, आणि तयार शेड्स रस्त्याकडेला ओळीनं मांडलेल्या असतात. रविवारी सगळं बंद. मला रविवारच आवडला. विकायला कुणी नसतं, कुंपणाबाहेरून निवांत नावं ठेवता येतात.

यांचा जीव जडला तो कोठारासारख्या मोडत्या छपराच्या शेडवर. “बघ, वर माळा मिळतो!”

“माळ्यावर चढणार कोण?”

“मी.”

गाडीतून उतरताना ज्यांना दर वेळी ‘आई गं’ म्हणावं लागतं, ते शिडी चढून मला अस्तर काढून देणार होते.

पत्र्याची शेड स्वस्त, पण दिवसा तापते आणि रात्री गार पडते, की आतून छताला घाम फुटतो. त्याचे थेंब खाली मोअरवर पडले तर मोअर काही बोलत नाही. पैठणीवर पडले तर पुढच्या पिढीला ऐकावं लागतं. प्लास्टिकची शेड गळत नाही, गंजत नाही, पण भिंतीला फळी ठोकायची म्हटलं की हात टेकते. आणि कापडाचं वजन फळीला पेलायचं असतं. गठ्ठा उचलल्याशिवाय कापड जड असतं हे पुरुषांना पटत नाही. लाकडी शेडमध्येसुद्धा तळाच्या फळ्यांखालच्या तुळया सोळा इंचांवर आहेत की बारा, हे मी विचारायला लागले तेव्हा यांनी माझ्याकडे प्रथमच जरा आदरानं पाहिलं.

खरी पंचाईत खिडकीची. साठवलेल्या कापडाला अंधार लागतो, कोरडी हवा लागते, फार ऊन नको, फार थंडी नको. शिवणारीला भरपूर उजेड लागतो, त्यातून काळ्यावर काळी तुरपाई करायची असेल तर विचारूच नका. म्हणजे ज्या खोलीत कापड सुखी, तिथे मी आंधळी. आणि जिथे मी सुखी, तिथे उन्हात रंग उडालेले रुबिये. शेड विकणाऱ्यांच्या हे गावीही नसतं. ते एकच प्रश्न विचारतात: मोअर बसून चालवायचा की ढकलायचा?

यावर मुलीनं व्हिडिओ कॉलवर एक उपाय सुचवला. “आई, डोनेट कर.” मी फोन यांच्या हातात दिला.

तोड सुचवली ती एका आमिश बाईनं. एका ठिकाणी ऑफिसात त्या पावत्या करत होत्या. माझी पायमशीन आहे म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्याकडेही पायाचीच. पट्टा चामड्याचा आहे का, सैल पडला की कापून पुन्हा जोडता का, अशी आमची मनसोक्त चौकशी झाली. मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो तोवर कुणीही विचारला नव्हता: “कापायचं टेबल भिंतीला लावणार की मधोमध?”

मधोमध! टेबलाच्या चारही बाजूंनी फिरता आलं पाहिजे. म्हणजे आठ फूट रुंदीची शेड बाद. दहा बाय चौदा. खिडक्या फक्त उत्तरेच्या भिंतीला, तिथून थेट ऊन येत नाही. दक्षिणेची भिंत अख्खी बंद कपाटांची. भिंतींत इन्सुलेशन, आतून फळ्यांचं अस्तर. छप्पर साधं दोन उतारांचं. माळा नाही. हे बाहेर जाऊन मोडत्या छपराच्या शेडखाली थोडा वेळ उभे राहिले.

पुढे टाउनशिप, म्हणजे इथली ग्रामपंचायतच. एवढ्या शेडला राज्याच्या बांधकाम नियमांची परवानगी लागत नाही, ती सूट हजार चौरस फुटांच्या आत आहे. पण झोनिंगचा, म्हणजे जागेवर कुठे काय बांधायचं त्याचा, अर्ज टाउनशिपला द्यावाच लागतो, कुंपणापासूनची अंतरं दाखवून. तिथल्या ऑफिसात खिडकीमागून विचारलं, वापर काय?

“शिवणकाम.”

“व्यवसाय आहे का?”

“ब्लाउज आहेत,” मी म्हटलं. त्यांनी ‘स्टोअरेज’ लिहिलं.

मशीनला वीज नको, पण इस्त्रीला हवी, दिव्याला हवी, आणि इथल्या दमट उन्हाळ्यात हवेतला ओलावा ओढणाऱ्या डीह्युमिडिफायरला तर हवीच, नाहीतर साड्यांची जर काळी पडेल आणि सुताला बुरशी येईल. डांबरगोळ्यांवर माझा भरवसा नाही. कसर मरेल न मरेल, पुढचं वर्षभर साडीजवळ माणूस थांबत नाही. वीज न्यायची तर चर खणायचा, आणि खणण्याआधी जमिनीखालच्या तारा-नळ कुठे आहेत ते दाखवून घ्यायला ८११ ला फोन करायचा. माणूस येऊन गवतात झेंडे रोवून गेला: विजेला लाल, गॅसला पिवळा, पाण्याला निळा. मागचं अंगण शाळेच्या स्नेहसंमेलनासारखं दिसायला लागलं. शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून विचारलं, काही समारंभ आहे का?

खडीचा चौथरा झाला. शेड ट्रेलरवरून आख्खी आली, म्यूल नावाच्या छोट्या यंत्रानं तिला एका टोकाला उचलून मेपलच्या झाडाला न घासता मागे नेलं. चालक तरुण होता, दाढीवाला. हे त्याच्या मागेमागे “जरा डावीकडे” म्हणत फिरले, मराठीत.

कपाटं लागली, टेबल मधोमध आलं. आतून सगळं पाहून झाल्यावर यांनी हळूच विचारलं, “आणि मोअर?”

“इस्त्रीजवळ पेट्रोल?”

सध्या मोअर गॅरेजमध्ये आहे आणि गाडी बाहेर पावसात. एका घराला दोन शेड चालतात का, असं यांनी टाउनशिपला विचारलंय. नकाशा काढून द्यायला सांगितला, तो मी काढून दिला. माळ्यासकट.